ट्रायल्समधले कुमार वर्ग: वय, सीसी आणि चाकांचा मेळ कसा घालायचा

मोटरसायकल ट्रायल्समध्ये, म्हणजे खडक-ओढ्यांतून पाय न टेकता गाडी तोलत नेण्याच्या खेळात, मुलांच्या वर्गाबाबत जे घोटाळे होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं. आधी गाडी घेतली जाते आणि मग तिच्यासाठी वर्ग शोधला जातो. क्रम याच्या उलट हवा: आधी नियम, मग वय, मग वर्ग, त्यानंतर इंजिन आणि चाकं, आणि सगळ्यात शेवटी खरेदी. हा क्रम पाळला नाही की तांत्रिक तपासणीत गाडी अडते, किंवा मूल अशा गाडीवर उभं राहतं जी त्याला तोलता येत नाही. पहिल्या चुकीने एक दिवस वाया जातो, दुसरीने मुलाची हौसच मावळते.

खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

१. नियमांचे तीन कागद हातात घ्या

एकच नियमपुस्तिका वाचून काम भागत नाही. साधारण तीन थर असतात. सर्वांत वर महासंघाचे नियम: आंतरराष्ट्रीय पातळीवर एफआयएमचे (आंतरराष्ट्रीय मोटरसायकलिंग महासंघाचे), देशांतर्गत स्पर्धेसाठी राष्ट्रीय महासंघाचे. त्याखाली त्या मालिकेचे किंवा अजिंक्यपद स्पर्धेचे नियम. आणि सर्वांत खाली त्या एका स्पर्धेपुरते पूरक नियम, जे आयोजक क्लब नोंदणी उघडताना प्रसिद्ध करतो.

पालक बहुधा पहिलाच कागद वाचतात आणि थांबतात. प्रत्यक्षात आपल्या कामाच्या गोष्टी तिसऱ्या कागदात असतात: त्या दिवशी कोणते कुमार वर्ग घेतले जाणार, कोणत्या वर्गाला वाट दाखवणारे कोणत्या रंगाचे बाण, किती सेक्शन (अडथळ्यांचे आखून दिलेले छोटे टप्पे), किती फेऱ्या, नोंदणी कधी बंद. महासंघाच्या पुस्तिकेत पाच कुमार वर्ग असतील आणि क्लब त्यांतले तीनच घेणार असेल, तर तुमच्या मुलाचा वर्ग त्या दिवशी असेलच असं नाही.

तिन्ही कागदांतून फक्त पाच गोष्टी वेगळ्या वहीत उतरवा: वयाची अट, इंजिनाची अट, चाकांची अट, गाडीवरची सुरक्षा साधनं, अंगावरची सुरक्षा साधनं. दोन कागदांत फरक आढळला तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी मिळालेलं "चालेल हो" तपासणीच्या टेबलावर उपयोगी पडत नाही.

*तपासा:* पुस्तिका चालू वर्षाचीच आहे ना? वर्गाच्या नावावरून अटीचा अंदाज बांधू नका. जागतिक मालिकेतला एक वर्ग पूर्वी ट्रायल१२५ म्हणून ओळखला जायचा, आता त्याचं नाव ट्रायल३ आहे. नावातून आकडा निघून गेला, म्हणजे सीसीची मर्यादा नियमाच्या मजकुरातच शोधावी लागते.

२. वय मोजा, पण त्या नियमाच्या पद्धतीने

मुलाचं वय सगळ्यांना ठाऊक असतं. ते कोणत्या तारखेला धरायचं, हे मात्र कुणी पाहत नाही. तीन पद्धती रूढ आहेत: वाढदिवसाला वय बदलतं, १ जानेवारीचं वय वर्षभर धरतात, किंवा त्या वर्षात जे वय पूर्ण होणार तेच पूर्ण वर्षभर धरतात.

समजा मुलीचा जन्म २० ऑगस्ट २०१३ चा आहे आणि हंगाम २०२६ चा. पहिल्या पद्धतीने ती १९ ऑगस्टपर्यंत १२ वर्षांची आणि २० तारखेपासून १३ वर्षांची. दुसऱ्या पद्धतीने वर्षभर १२ ची. तिसऱ्या पद्धतीने वर्षभर १३ ची. मुलगी एक, हंगाम एक आणि वर्ग दोन वेगवेगळे.

एफआयएमच्या नियमांत मिश्र पद्धत आहे. किमान वयाची अट प्रत्यक्ष वाढदिवसाला पूर्ण होते, पण कमाल वयाची मुदत ज्या वर्षी ते वय होतं त्या वर्षाच्या अखेरीस संपते. म्हणजे किमान वय १३ असलेल्या वर्गात आपली मुलगी २० ऑगस्टपासूनच उतरू शकते, आणि कमाल वय १३ असलेल्या वर्गात ३१ डिसेंबरपर्यंत राहू शकते. देशांतर्गत नियम असेच असतील असं धरून चालू नका.

*सावध:* "१२ वर्षांपर्यंत" असं लिहिलेलं असेल तर बारावा वाढदिवस होईपर्यंत की तेरावा होईपर्यंत, हे विचारून घ्या. या एका शब्दावरून पूर्ण वर्षाचा फरक पडतो.

३. वयाचा वर्ग आणि अवघडपणाचा मार्ग वेगळे ओळखा

ट्रायल्समध्ये एकाच सेक्शनमधून वेगवेगळ्या वर्गांसाठी वेगवेगळ्या वाटा काढलेल्या असतात. तोच ओढा आणि तेच खडक. मोठ्यांचे बाण उभ्या दगडावरून जातात, लहानांचे त्याच्या बाजूने वळसा घालून. काही ठिकाणी वय ठरलं की वाटही ठरते. काही ठिकाणी वय आणि सीसी यांवरून वर्ग ठरतो, पण त्या वर्गात सोपी किंवा अवघड वाट निवडायची मुभा असते.

निवड असेल तेव्हा सोपी वाट घ्या. गुणपद्धतीच तसं सांगते. पाय न टेकता सेक्शन पार केला तर शून्य दंडगुण, एकदा टेकला तर १, दोनदा २, तीनदा किंवा त्याहून जास्त ३ आणि सेक्शन फसला तर ५. सोप्या वाटेवर मूल शून्य, १, ३ असे बदलते आकडे आणतं आणि कुठे चुकलं ते त्याला कळतं. अवघड वाटेवर पाचामागून पाच पडत गेले तर शिकण्यासारखं काहीच हाती येत नाही.

*सावध:* दुसऱ्या वर्गाच्या बाणांमधून गाडी नेली तर अनेक नियमांनुसार थेट ५ दंडगुण लागतात, मग पाय टेकला असो वा नसो. लहान मुलांचे बरेचसे पाच अशानेच पडतात.

४. इंजिनाचे सीसी: स्टिकर नव्हे, मोजमाप

कुमार वर्गांत टू-स्ट्रोक इंजिनासाठी वारंवार दिसणारे टप्पे ५०, ८० आणि १२५ सीसी हे आहेत. कोणत्या वयाला कोणता टप्पा, हे महासंघागणिक बदलतं, म्हणून तो आकडा तुमच्या पुस्तिकेतूनच घ्या. इंजिनाचं खरं आकारमान कसं ठरवायचं आणि लोक कुठे फसतात, ते मात्र सगळीकडे सारखंच आहे.

नावातला आकडा खरा धरू नका. गॅसगॅस कंपनीची टीएक्सटी २८० प्रत्यक्षात सुमारे २७२ सीसीची आहे. माँटेसाची कोटा ३०१आरआर सुमारे २९८ सीसीची. मोठ्यांच्या गाड्यांत हा फरक बहुधा निरुपद्रवी असतो. मुलांच्या वर्गात, विशेषतः जुनी आणि दुरुस्त केलेली गाडी घेताना, तोच फरक मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतो.

हिशेब सोपा आहे. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, सगळी मापं मिमीमध्ये. आलेल्या उत्तराला १००० ने भागा, की एका सिलिंडरचे सीसी मिळतात. १२५ च्या टू-स्ट्रोकमध्ये नेहमी आढळणारं माप ५४ × ५४.५ मिमी. त्याचं उत्तर १२४.८ सीसी. आता समजा सिलिंडर झिजला म्हणून आधीच्या मालकाने रिबोर करून (सिलिंडर आतून कापून रुंद करून) पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. बोअर झाला ५४.२५ आणि इंजिन झालं १२६.० सीसी. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन असेल तर १२७.१. बाहेरून गाडी तीच, स्टिकर तोच, आवाजही तोच. या मापाच्या इंजिनात बोअर जेमतेम ०.०४ मिमी वाढला तरी १२५ ची रेषा ओलांडली जाते. काही नियमपुस्तिका रिबोरसाठी थोडी सूट देतात, काही अजिबात देत नाहीत.

म्हणून जुनी गाडी घेताना विचारायचा पहिला प्रश्न: पिस्टन कोणत्या मापाचा आहे? ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर बहुधा माप कोरलेलं असतं. खात्री करायची तर हेड काढून सिलिंडर मोजून घ्या, तोही बोअर गेजने. इतक्या बारीक फरकासाठी साध्या व्हर्नियरवर विसंबता येत नाही. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडरवर कठीण मुलामा असतो. तो साध्या रिबोरने वाढवता येत नाही, पुन्हा मुलामा तरी चढवावा लागतो किंवा सिलिंडर बदलावा लागतो. असा सिलिंडर कुणी "बोअर करून घेतला" म्हणत असेल तर ती गाडी सोडून द्या.

आता नेहमीचे तीन गैरसमज.

पहिला, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) अडवला की वर्ग बदलतो. थ्रॉटल स्टॉप, सायलेन्सरमधला अडसर, जड फ्लायव्हील, इग्निशनचा मवाळ मॅप (ठिणगीच्या वेळेची सौम्य मांडणी) हे उपाय गाडी शांत करतात आणि शिकणाऱ्या मुलासाठी चांगलेच आहेत. पण वर्ग सीसीवर ठरत असेल तर यांतला एकही उपाय २५० च्या गाडीला १२५ करत नाही.

दुसरा, फोर-स्ट्रोकलाही तीच मर्यादा. सारख्या सीसीत टू-स्ट्रोक जास्त ताकद देतं, म्हणून अनेक पुस्तिकांत दोघांना वेगळे आकडे दिलेले असतात. तक्त्यात दोन रकाने आहेत का ते पाहा. एकच आकडा असेल तर तो कोणाला लागू, हे विचारा.

तिसरा, इलेक्ट्रिक गाडीला सीसी नाहीत म्हणून ती कुठल्याही वर्गात चालते. तसं नाही. इलेक्ट्रिकसाठी चाकाचा व्यास, मोटरची ताकद किंवा थेट मॉडेलचं नाव यांवरून वर्ग ठरवतात. ओसेट कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या १२.५, १६, २०, २४ या नावांतला आकडा म्हणजे चाकाचं इंचांतलं माप आहे, त्यामुळे तिथे गाडी कोणती हे नावावरूनच कळतं. ताकदीची अट असेल तर ती सलग मिळणारी ताकद की क्षणिक कमाल, ते बघा. एकाच मोटरचे हे दोन आकडे दुपटीनेही वेगळे असू शकतात, आणि जाहिरातीत मोठाच आकडा छापलेला असतो.

*तपासा:* बोअर, स्ट्रोक, आलेले सीसी, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, इंजिन क्रमांक. या पाच ओळी एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. तपासनीसाने विचारलं तर तो कागद पुढे करा.

५. चाकं आणि मुलाची उंची

इंजिन नियमात बसलं म्हणून गाडी मुलाला बसली असं होत नाही. बेटा कंपनीच्या एव्हो ८० चं उदाहरण घ्या. ज्युनियर आणि सीनियर अशा दोन प्रकारांत ती मिळते. दोन्ही ८० च्याच गाड्या, पण सीनियरची चाकं मोठ्यांच्या गाडीसारखी, म्हणजे पुढे २१ आणि मागे १८ इंच, तर ज्युनियरची त्याहून लहान. नुसतं "८० ची गाडी हवी" असं सांगितलं तर यांतली कोणतीही हाती येईल, आणि काही वर्गांत चाकाच्या मापाची अट वेगळी असते.

मापाची चाचणी इंजिन बंद ठेवून घ्या. मुलाला बूट-हेल्मेटसह गाडीवर घ्या आणि पुढून हँडल तुम्ही धरा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात का? मग त्याला फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं करा. गुडघे किंचित वाकवून, कंबर मागच्या चाकाच्या वर नेताना हात पूर्ण ताणले न जाता हँडल धरता आलं पाहिजे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायला लावा. बाहेरच्या बाजूचा हात सुटत असेल तर गाडी मोठी आहे. क्लच एका बोटाने ओढता येतो का, आणि सलग दहा-पंधरा वेळा ओढल्यावर दुसरं बोट मदतीला येतं का, ते बघा. ट्रायल्स हा क्लचच्या बोटावर चालणारा खेळ आहे. दुपारपर्यंत बोट थकलं की मुलाचे पाय टेकायला लागतात.

शेवटी गाडी आडवी करा आणि मुलालाच उचलायला सांगा. मोठ्या आकाराची ट्रायल्स गाडी साधारण ६५ ते ७० किलो भरते. पूर्ण ताकदीने का होईना, ती एकट्याने उभी करता आली पाहिजे.

*सावध:* "वाढत्या अंगाचे" कपडे घेतो तशी गाडी घेऊ नका. मूल वर्षभरात तिच्या मापाचं होईलही, पण त्या वर्षात भीतीपोटी लागलेल्या सवयी, म्हणजे बसून चालवणं, सतत पाय सोडून ठेवणं, दोन बोटांनी क्लच दाबणं, नंतर मोडायला फार जड जातात.

६. गाडी तपासणीसाठी तयार करा

हे काम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करा, आदल्या रात्री नको. एखादा भाग कमी निघाला तर तो मागवायला वेळ हवा.

सुरुवात लॅनयार्डच्या किल स्विचपासून. मुलाच्या मनगटाला बांधलेली दोरी ओढली गेली की इंजिन त्याच क्षणी बंद पडलं पाहिजे, इलेक्ट्रिक गाडीतही मोटर थांबली पाहिजे. इंजिन सुरू ठेवून खरंच ओढून बघा. बंद इंजिनावर ओढून बघितलेला स्विच तपासला असं होत नाही. दोरीची लांबीही बघा: हँडल दोन्ही टोकांना वळवून, मूल कंबर पूर्ण मागे नेऊन उभं असताना ती ताणली जाऊ नये, आणि लोंबून लिव्हरमध्येही अडकू नये. जॅकेटच्या चेनला किंवा बाहीच्या इलॅस्टिकला बांधलेली दोरी ऐन वेळी कपड्यासकट निघून येते. ती मनगटालाच हवी.

मग मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र. त्याला जाळीतून बोट आत जाणार नाही असं संरक्षण हवं, आणि चेन खालच्या बाजूने जिथे स्प्रॉकेटवर चढते तिथेही गार्ड हवं. सेक्शनमध्ये पडलेली गाडी उचलताना हात नेमका तिथेच जातो. ब्रेक-क्लचच्या लिव्हरची टोकं गोळीसारखी गोल आणि शाबूत, हँडलची दोन्ही टोकं बंद, फूटपेग घडी होऊन आपोआप परत येणारे, थ्रॉटल सोडताच मिटणारा.

टायर ट्रायल्सचेच हवेत, मोटोक्रॉसचे खोल खाचांचे टायर चालत नाहीत. मोठ्या आकाराच्या गाडीत मागे साधारण ४ ते ५ पीएसआय आणि पुढे ६ च्या आसपास हवा ठेवतात. त्यासाठी कमी दाबाचा गेज लागतो, कारचा गेज इतक्या खाली अचूक वाचत नाही. लहान चाकांत बहुधा ट्यूब असते. तिथे हवा इतकी कमी केली तर दगडावर आदळून ट्यूब चिमटते आणि पंक्चर होते.

अंगावर ट्रायल्सचं हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे दणकट बूट, हातमोजे, लांब बाह्या आणि पूर्ण लांबीची पॅन्ट. पाठीचं संरक्षक कवच नियमात नसलं तरी घाला.

७. नोंदणी आणि कागदपत्रं

जन्मतारखेचा दाखला, स्पर्धा परवाना, पालकांचं संमतीपत्र, गाडीची माहिती. बहुतेक ठिकाणी हेच लागतं. संमतीपत्रावर कोणाची सही चालते ते आधी वाचा. मुलाला काका किंवा प्रशिक्षक घेऊन येणार असतील तर आई-वडिलांचं वेगळं पत्र लागू शकतं.

नोंदणी अर्जात वर्ग तुम्हीच लिहायचा असतो. पायरी २, ३ आणि ४ ची उत्तरं समोर ठेवूनच तो लिहा.

८. स्पर्धेचा दिवस

पोहोचल्यावर आधी तांत्रिक तपासणी, मग सही आणि क्रमांक, मग रायडर्सची सूचना-बैठक. बैठकीला मुलाला बरोबर न्या. त्या दिवशी सेक्शनमध्ये थांबायला परवानगी आहे की नाही, हे तिथे स्पष्ट होतं. काही स्पर्धांत क्षणभर थांबून तोल सावरलेला चालतो. न थांबता चालवायच्या नियमात चाकं थांबली की ५. ज्याने सराव एका पद्धतीने केला आणि स्पर्धा दुसऱ्या पद्धतीने दिली, त्याचे गुण पहिल्या तीन सेक्शनमध्येच वाहून जातात.

प्रत्येक सेक्शन आधी पायी फिरा. वाट मुलाने तुम्हाला दाखवायची, तुम्ही त्याला नाही. लाल खूण उजव्या हाताला, निळी डाव्या हाताला, आणि आपल्या रंगाचे बाण एकामागून एक बोटाने दाखवत शेवटच्या फलकापर्यंत. एखादा बाण दिसला नाही तर ऑब्झर्व्हरला (सेक्शनवर उभं राहून दंडगुण देणाऱ्या पंचाला) आत्ताच विचारा. सेक्शन सुरू झाल्यावर तो उत्तर देत नाही, दंडगुण देतो.

*सावध:* मूल डगमगलं की हात पुढे करायचा मोह आवरा. पालकाचा हात गाडीला किंवा मुलाला लागला तर सेक्शन फसल्याचे ५ मिळतात. मूल खरंच धोक्यात असेल तेव्हा मात्र पाचांचा विचार न करता धरा. एखाद्या कड्याजवळ पकडायला उभं राहायचं असेल तर ऑब्झर्व्हरला आधी विचारून, वाट आणि खुणा सोडून उभे राहा.

सेक्शन झाला की गुणांच्या कार्डावर योग्य आकडा पडला का, ते तिथेच बघून पुढे जा. तक्रार असेल तर ती शांतपणे, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या अधिकाऱ्याकडे.

९. वर्ग बदलताना

हंगामाच्या मध्ये वाढदिवस येतो किंवा मूल ८० वरून १२५ वर जायला तयार होतं. गाडी बदलायच्या आधी दोन प्रश्न विचारा: मालिकेचे जमलेले गुण नव्या वर्गात सोबत येतात का, आणि एकदा वर गेल्यावर परत खाली येता येतं का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर हंगाम जुन्याच वर्गात पूर्ण करून नव्या गाडीवर फक्त सराव करणं बरं.

मूल तयार झालं हे वयावरून नव्हे, त्याच्या चालवण्यावरून ठरवा. चढावर ८० चं इंजिन पूर्ण फिरवूनही गाडी अपुरी पडते, मूल क्लचने ती उणीव भरून काढतं, आणि तरीही पाय फूटपेगवरच असतात: अशा वेळी १२५ योग्य. चढावर पाय सुटत असतील तर मोठ्या इंजिनाने ते थांबणार नाहीत. १२५ ला ८० पेक्षा जास्त जोर आहे आणि तो थ्रॉटलच्या कमी हालचालीत येतो, म्हणून पहिले काही आठवडे मवाळ मॅपवर, सपाट जमिनीवर, खुंट्या रोवून आखलेल्या अरुंद वळणांतच चालवू द्या. खडक त्यानंतर.